कुलाब्याचे बेने इस्रायल आणि नेगेवची नगरे

अलिबाग, नवगाव, चौल, रेवदंडा या किनारपट्टीत बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातील यहूदी समाजाचा, विषय निघाला की, नारळी-पोफळीची आगरे सोडून ही माणसे धर्मश्रद्धेपायी इस्राएलच्या रखरखीत वाळूत राहावयास गेली, असा कळवळ्याचा सूर हमखास लागतो. तो सूर प्रामाणिक असला, तरी त्यामागील बहुतेक समजुती वस्तुस्थितीस धरून नाहीत.

प्रथम वाळूविषयी. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे ज्या बीरशेबा आणि दिमोना या नगरांत स्थिरावली, ती नेगेवच्या वाळवंटात आहेत हे खरे. परंतु नेगेवचा बहुतांश प्रदेश खडकाळ डोंगरांचा आणि पिवळसर मातीच्या पठारांचा असून, दिमोना तर चांगल्या उंचीवर वसलेले असल्याने तेथे उन्हाळ्यातही रात्री हवा गार होते. खरी वाण आहे ती पाण्याची. अलिबागेस वर्षाकाठी 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर बीरशेबास 200च्या आसपास, आणि तोही हिवाळ्यात. गालील सरोवराचे पाणी दक्षिणेकडे नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी 1964 मध्ये सुरू झाली, तेव्हा या प्रदेशाच्या वस्तीस मोठा आधार मिळाला.

प्रवाशास तेथे पाहण्याजोगे काही नाही, हीही समजूत चुकीची आहे. दिमोनाच्या आग्नेयेस थोड्याच अंतरावर मामशीत हे नबाती या प्राचीन व्यापारी लोकांचे नगर उभे आहे. ओढ्यावर बांध घालून पावसाचे पाणी अडविणाऱ्या त्या व्यापाऱ्यांच्या नगरास, अवदात, शिवता व हलूत्सा यांच्यासह, 2005 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

याहून महत्त्वाचा गैरसमज असा की, या लोकांस ती भूमी पाहताक्षणीच आपलीशी वाटली. वस्तुतः विरळ वस्तीचा दक्षिण भाग वसविण्याच्या सरकारी धोरणानुसार नवागतांस तिकडे धाडले जाई. 1955 मध्ये स्थापन झालेले दिमोना हे त्याच धोरणाचे अपत्य. तत्पूर्वीच बीरशेब्यातील काही बेने इस्रायलांनी भेदभावाची तक्रार करून, धरणे धरून, भारतात परत पाठविण्याची मागणी केली होती. 1952 मध्ये काही कुटुंबे परतलीही, आणि त्यांतील पुष्कळजण पुढे पुन्हा इस्राएलला गेले. नंतर विवाहप्रसंगी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा हुकूम यहूदी धर्मपीठाने काढला, तेव्हा त्यांनी दीर्घ आंदोलन केले, आणि 1964 मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहूदी असल्याचे जाहीर केले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणाने ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या ‘शनिवार तेली’ म्हटले, त्यांस आपले यहूदीपण सिद्ध करावे लागावे, हा अन्याय होता, असे मला ठामपणे वाटते.

मग ही माणसे तेथे रमली कशाने? माझ्या मते शेजाराने. किहीमकर, नवगावकर, पेणकर अशी गावे नावात वागविणारी घरे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आली. मुले क्रिकेट खेळू लागली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले. अलिबागजवळील खंडाळे गावी ज्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा टापा (त्याच्या आगमनाची मानली जाणारी खडकावरील खूण) आहे, त्याच्या नावाने तिकडेही मलिदा होतो: भिजविलेले पोहे, साखर, वेलची, बेदाणे आणि खोवलेले खोबरे यांची रास ताटात रचून, भोवती फळे मांडून प्रार्थना म्हणतात, आणि मग सर्वांस प्रसाद वाटतात. तेथे नारळाचे झाड नाही, खोबरे विकत आणावे लागते; पण त्यावाचून मलिदा होत नाही.

मात्र यावरून तेथे मराठी जशीच्या तशी नांदते आहे असे मानणे, हाही गैरसमजच ठरेल. वडीलधारी माणसे आपसांत मराठीत बोलतात. तेथे जन्मलेल्या नातवंडांची व्यवहाराची भाषा हिब्रू आहे.