कंदिलाची काच का तडकते?

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात एखाद्या जुन्या घराचा माळा धुंडाळला तर गंजलेला कंदील हाती लागेल. काच मात्र बहुधा नसेल. कंदिलाचं पत्र्याचं अंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, काच एका पावसाळ्यात जाते. केज तालुक्यातून कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात उतरणाऱ्या ऊसतोड टोळ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत कंदील, बैलगाडीच्या साट्याखाली कंदील. अवकाळीचे चार थेंब तापल्या काचेवर पडले की टच्च आवाज आणि वरपासून खालपर्यंत चीर.

दोष काचेच्या स्वभावात आहे. ती उष्णता पुढे सरकू देत नाही. तांबं तिच्या जवळजवळ 400 पट उष्णता वाहून नेतं. थेंब पडला की वरचा पापुद्रा निवून आखडतो, आतली काच अजून फुगलेलीच असते. ओढ पडते ती पापुद्र्यावर, आणि काच दाब भरपूर सोसते, ओढ मात्र तिला सोसवत नाही.

मग उष्णता झरझर नेणारी पारदर्शक काच का करू नये? इथे निसर्गच आडवा येतो. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन उष्णता पळवतात, पण तेच उजेडही अडवतात. ते नसतील तर उष्णता अणूंच्या थरथरीवाटे जाते, आणि ती थरथर लांब पोचायला अणू ओळीत उभे हवेत. काचेत ओळ नाही, जत्रेतली गर्दी आहे. एकच सिलिका घ्या: क्वार्ट्झच्या स्फटिकात ती उष्णता बरी नेते; तीच वितळवून काच केली की कितीतरी खाली घसरते. हिरा पारदर्शक असून तांब्याच्या चार-पाच पट उष्णता नेतो, कृत्रिम नीलम काचेच्या 30 पटींहून जास्त. पण हे दोन्ही स्फटिक, काच नव्हेत. आणि कंदिलाला हिरा लावायची ऐपत असलेल्याला कंदील कशाला लागेल?

म्हणून काचवाल्यांनी स्वभाव बदलायचा नाद सोडला आणि ओढ कमी करायची वाट धरली. मराठी मुलखात काच करायची विद्या रुजली ती तळेगाव दाभाड्याला. माणशी एक पैसा मागून अंताजी दामोदर काळे यांनी उभारलेल्या आणि लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलेल्या पैसा फंडातून 1908 साली तिथे काच कारखाना निघाला. पुढे 1916 मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला. वस्तीचं नाव पडलं ओगलेवाडी, आणि तिथे बनणाऱ्या कंदिलाला ओगले बंधूंच्या वडिलांचं नाव मिळालं, प्रभाकर. केजचे ऊसतोड कामगार ज्या मुलखात कोप्या टाकतात, त्याच मुलखात हा कंदील घडला.

कंदिलाच्या काचेची खरी करामत पोटाच्या गोलाईत नाही, जाडीत आहे. भट्टीतला लाल गोळा फुंकणीच्या टोकाला घेऊन साच्यात फुंकायचा, तो सगळीकडून सारखा पातळ उतरला पाहिजे. पातळ भिंतीत आतबाहेरच्या तापमानात फरक कमी राहतो; जाड काच दिसायला दणकट, पण उकळता चहा ओतल्यावर आधी तीच दगा देते. फुंकून झालं की काच तासन्‌तास सावकाश निववायची, नाहीतर ताण आतच अडकतो. घरोघरी नवी काच पाण्यात उकळून त्याच पाण्यात निवू द्यायची रीत होती. माझ्या मते ती समाधानापुरती: साध्या काचेतला ताण सुटायला 500 अंशांच्या पुढे जावं लागतं, 100 अंशांवर तो ढिम्म हलत नाही.

तडकण्यावरचा खरा उपायही कंदिलाच्याच वाटेने घराघरात आला. अमेरिकेत रेल्वेचे सिग्नल-कंदील पावसाबर्फात फुटत. कॉर्निंग कंपनीने त्यांच्यासाठी कमी फुगणारी काच केली. तिथल्या जेसी लिटलटन या शास्त्रज्ञाच्या पत्नी बेसी यांनी 1913 मध्ये अशाच काचेच्या कापलेल्या भांड्यात केक भाजला, आणि 1915 मध्ये पायरेक्स बाजारात आलं. आपल्याकडे 1962 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बोरोसिलने कॉर्निंगच्याच सहकार्याने ही काच केली. शाळेच्या प्रयोगशाळेतली परीक्षानळी बर्नरवर धरता येते ती याच जातीच्या काचेमुळे. ही काच साध्या काचेच्या जेमतेम तिसरा हिस्सा फुगते. उष्णता वाहण्यात मात्र ती कंदिलाच्या काचेइतकीच मंद आहे.