लेखक एक, माध्यमे अनेक

आपल्या समाजात लिहिणाऱ्यांची संख्या वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. पूर्वी एक कविता छापून आणावयाची तर संपादकांचे उंबरठे झिजवावे लागत. आज कॉलेजात शिकणारी मुलगी मोबाईलवर लिहिते आणि तासाभरात तिचे लेखन नागपूरपासून दुबईपर्यंत पोचते. परंतु फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूट्यूब या सर्वांवर एकच मजकूर जसाच्या तसा टाकीत राहणे म्हणजे त्यांचा उपयोग करणे नव्हे, असे आम्हांस वाटते.

या बाबतीत प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपयांचे साहाय्य केले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, पुढे १९२८ साली ‘समता’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ अशी ही परंपरा चालली. गावकुसाबाहेरच्या माणसासाठी बाबासाहेब मराठीत लिहीत; सरकार आणि विद्वान यांच्यासाठी इंग्रजीत निवेदने व ग्रंथ लिहीत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे जलसे विचार घेऊन गेले. विचार एकच, पण वाचक पाहून त्याचे रूप बदलत असे.

आजच्या माध्यमांकडेही याच दृष्टीने पाहावे. फेसबुकवर दीड-दोन पानांचा लेख लोक वाचतात आणि खाली वादही घालतात. म्हणून चर्चेचा विषय तेथे मांडावा. इन्स्टाग्रामवर डोळा आधी चित्राकडे जातो. तेथे पुस्तकाचे मुखपृष्ठ व चार ओळी पुरेत. यूट्यूबचे काम जलशाचे आहे. ज्या आजीला वाचता येत नाही तीही नातवाच्या मोबाईलवर आपली कथा ऐकू शकते. हे माध्यम आपले लेखक फारच कमी वापरतात, याचे आम्हांस नवल वाटते. व्हॉट्सॲप म्हणजे घरोघरी जाणे. पण रोज सकाळी दहा गटांत स्वतःची कविता टाकणाऱ्याला लोक जयभीम घालतात आणि न वाचताच पुढे जातात!

व्हॉट्सॲपवर आणखी एक घात होतो. मजकूर पुढे जाता जाता लेखकाचे नाव गळून पडते. ज्या समाजाला शतकानुशतके नावानिशी लिहूच दिले नाही, त्याच्या लेखकाचे नाव असे पुसले जाणे ही साधी बाब नव्हे. म्हणून नाव मजकुराच्या शेवटी नव्हे, तर पहिल्या ओळीत व मध्येही एकदा घालावे. याच्या उलट प्रकारही होतो. कोणाचेही वाक्य बाबासाहेबांच्या किंवा भगवान बुद्धांच्या नावावर खपविले जाते. वचन देताना ग्रंथाचे नाव, खंड व पृष्ठ द्यावे. ते सापडत नसेल तर वचन टाकूच नये.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मालकीचा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या नियोजित अध्यक्षीय भाषणावर आक्षेप घेतला व परिषद रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते भाषण स्वतः छापले. सुमारे १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. मंच गेला, पण संहिता त्यांच्या हातात होती. आज आपला मंच कंपन्यांच्या मालकीचा आहे. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, गूगल प्लस २०१९ साली. जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि केवळ तेथेच असलेली कित्येकांची गाणी व भाषणे प्रेक्षकांना एका रात्रीत दिसेनाशी झाली. कोणी संघटितपणे तक्रारी केल्या तरी खाते बंद पडू शकते.

विद्यार्थी मित्रांनी म्हणून आधी मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून स्वतःजवळ ठेवावा, मगच तो माध्यमांवर टाकावा. अक्षरांचे नुसते चित्र करून टाकल्यास पुढे शोधताना ते सापडणे कठीण जाते. फेसबुकवरील आपले सर्व लेखन एकत्र उतरवून घेण्याची सोय त्याच्या सेटिंगमध्ये आहे. वर्षातून एकदा, निदान १४ ऑक्टोबरच्या सुमारास, ते काम करावे. निवडक लेखांच्या कागदी प्रती काढून एक फाईल मंडळाच्या वाचनालयात द्यावी. ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’चे जुने अंक कोणीतरी असेच जपून ठेवले होते, म्हणूनच महाराष्ट्र शासनाला १९९० साली ते ग्रंथरूपाने काढता आले.