शब्द अडला, तर चित्र काढा

अमरगोळसारख्या गावात ज्या घरी आई मराठी बोलते आणि शाळेचे पुस्तक कन्नड असते, तिथे गणित आधी शब्दांतच अडते. कन्नड पुस्तकातले ‘वृत्त’ म्हणजे आपले वर्तुळ. मराठी घरात मात्र वृत्त म्हणजे बातमी! ‘विस्तीर्ण’ म्हणजे क्षेत्रफळ, हे कुणी सांगितलेच नाही तर हुशार मूलही ‘ढ’ ठरते.

अशा वेळी शिकवणीत पाटी पुढे ओढावी. २४ आंब्यांचे तीन चतुर्थांश किती? एक लांब पट्टी काढा, तिचे चार सारखे भाग करा. प्रत्येक भागात ६ आंबे, म्हणून तीन भागांत १८. चित्राखाली दोन्ही भाषांतले शब्द लिहा. बनशंकरीच्या जुन्या देवळात गेलात, तर परिमिती तिथे पावलांनीच मोजून घ्या आणि घरी येऊन तिची आकृती काढायला सांगा.

‘आमचा मुलगा चित्रांनीच शिकतो’ असा शिक्का मात्र मारू नका. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी आधीचे संशोधन तपासले. मुलांचे असे प्रकार पाडून त्यानुसार शिकवल्याने फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. चित्राला शब्दाची जोड मिळाली, तर ती साऱ्याच मुलांच्या कामी येते.

पालकहो, एक पथ्य पाळा. पहिली आकृती आपण दाखवावी. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून ती मुलाने काढावी आणि मग ताडून पाहावी. जिथे रेघ चुकते, तिथेच नेमके काय कळले नाही ते दिसते.