छोटी एसयूव्ही घेताय? आधी इंजिन किती सीसीचं ते विचारा
उसाचं बिल जमा झालं की गावोगावी नव्या गाडीची बोलणी सुरू होतात. गाडी चार मीटरच्या आतली असली की कर कमी, असं अनेकांना वाटतं. पण नुसती लांबी पुरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीसाठी पेट्रोल-सीएनजी इंजिन १२०० सीसीपर्यंत, तर डिझेल १५०० सीसीपर्यंतच लागतं. नेक्सॉनची पेट्रोल, डिझेल दोन्ही इंजिनं यात बसतात. १४६२ सीसीची ब्रेझा लांबीत बसते, तरी तिला ४० टक्के लागतो. म्हणून तुलना करताना ऑन-रोड किंमतच विचारा.

डिझेल घेताना रोजचं अंतर बघा. गाव ते तालुका आठ-दहा किलोमीटरच असेल, तर धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ पुरेसा तापत नाही आणि तुंबतो. त्याचा खर्च मोठा.

आणि एसयूव्ही म्हणजे चिखलातून निघणारी गाडी नव्हे. बहुतेक छोट्या एसयूव्हींत ताकद पुढच्या दोनच चाकांना मिळते. पावसाळ्यात पाणंदीला ट्रॅक्टरच बरा.

ट्रायल एकट्याने घेऊ नका. घरची पाच माणसं बसवा, गावातल्या स्पीडब्रेकरवरून न्या. खाली घासली नाही, तरच बुकिंगचे पैसे भरा.