बीजगणित: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीजगणितात प्रत्येक पायरीला कारण असतं. ते कारण कळलं की पाठ करायचं फार थोडं उरतं. मुलांना हमखास अडवणारे पाच गैरसमज त्यासाठी तपासून पाहू.

गैरसमज १: पद पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.
वस्तुस्थिती: पद कुठेच जात नाही, दोन्ही बाजूंवर एकच क्रिया होते. ३क्ष − ५ = १६ मध्ये दोन्हीकडे ५ मिळवले की ३क्ष = २१. दोन्ही बाजूंना ३ ने भागलं की क्ष = ७. नुसतं ‘चिन्ह बदला’ एवढंच पाठ असेल, तर इथे −३ ने भागून −७ लिहिलं जातं. पण ३ हा गुणलेला आहे, आणि गुणाकार सुटतो तो त्याच संख्येने भागून.

गैरसमज २: (क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ९.
वस्तुस्थिती: क्ष = १ घेऊन पाहा. डावीकडे ४ चा वर्ग १६ येतो, उजवीकडे १०. मग ६ कुठे गेले? (क्ष + ३)(क्ष + ३) असा गुणाकार मांडला की ३क्ष दोनदा येतं. म्हणून खरा विस्तार क्ष² + ६क्ष + ९.

गैरसमज ३: क्ष² = ९ चं उत्तर फक्त ३.
वस्तुस्थिती: −३ चा वर्गही ९ च. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळं असतात, हे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ या ग्रंथात सांगितलं आहे. उत्तर निसटण्याची आणखी एक जागा म्हणजे क्ष² = ५क्ष. दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं तर फक्त ५ मिळतात. क्ष(क्ष − ५) = ० असं मांडलं की ० आणि ५ दोन्ही मिळतात.

गैरसमज ४: फ(क्ष) म्हणजे फ गुणिले क्ष.
वस्तुस्थिती: फ हा नियम आहे. फ(क्ष) = २क्ष + ३ असेल, तर फ(५) = १३. फ(अ + १) काढताना क्ष च्या जागी अख्खा कंस ठेवायचा: २(अ + १) + ३ = २अ + ५. गुणाकार समजून कंस फोडला तर फसगत होते, कारण फ(२) + फ(३) = ७ + ९ = १६, आणि फ(२ + ३) मात्र १३.

गैरसमज ५: उत्तर आलं की गणित संपलं.
वस्तुस्थिती: √(क्ष + ६) = क्ष सोडवताना वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ० येतं आणि ३ व −२ या किमती मिळतात. −२ मूळ समीकरणात ठेवा: √ या चिन्हाचा अर्थ धन वर्गमूळच, म्हणून डावी बाजू २, उजवी −२. म्हणजे ते उत्तर नव्हेच. वर्ग करताना चिन्हातला फरक पुसला गेला होता. ३ ठेवल्यावर मात्र दोन्ही बाजू ३ येतात. असा ताळा करायची सवय लागली की उत्तर बरोबर आहे की नाही, हे पुस्तकाची शेवटची पानं न उलटता स्वतःलाच कळतं.