मांस कमी, कडधान्य अधिक

हल्ली ‘फ्लेक्सिटेरियन’ असा एक शब्द कानी पडतो. बहुतेक दिवस धान्य, भाजी व कडधान्य खाणारा, पण मांस अजिबात न सोडलेला मनुष्य, असा त्याचा अर्थ. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २००३ सालचा सर्वांत उपयुक्त शब्द म्हणून त्याची निवड केली होती. शब्द नवा असला, तरी शुक्रवारी व उपवासकाळात मांस वर्ज्य करणाऱ्या घरांना ही रीत नवी नाही.

तिचा लाभ काय? मीठ लावून, धुरी देऊन किंवा रसायने घालून टिकवलेले मांस कर्करोगास कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. आपले डुकराच्या मांसाचे चौरीस, तसेच हॅम, बेकन, सलामी ही याच वर्गातली. एखाद्या दिवशी चौरीस खाल्ल्याने आजार जडतो, असे मात्र नव्हे. एका माणसापुरता हा धोका लहानच असतो. पण रोजच्या सवयीने तो वाढत जातो.

मांस कमी केल्यावर ताटात त्याच्या जागी काय येते, हे अधिक महत्त्वाचे. भाताचा ढीग व लोणचे, किंवा मैद्याचे पाव व तळण आले, तर लाभ नाही. तेथे अळसांदे, कुळीथ, मूग, चणे यावयास हवेत. १०० ग्रॅम सुक्या अळसांद्यांत २० ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात. भाताच्या प्रथिनांत जी उणीव असते, ती कडधान्य भरून काढते. कडधान्यातील चोथ्याने पोट साफ राहते व रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. वनस्पतींतील लोह शरीरात कमी शोषले जाते, म्हणून उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये. बी-१२ जीवनसत्त्व तर दूध, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते. ते कमी पडल्यास रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात. म्हणून गरोदर स्त्रिया, बाळंतिणी व वाढत्या मुलांची अंडी-मासळी तोडू नये.

यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. गोव्यात भाताची कापणी झाल्यावर शेतातील उरलेल्या ओलीवर अळसांदे पेरतात. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. शेंगा तोडल्यावर वेल जमिनीत गाडले, की पुढच्या भाताला खत होते.

आरंभ सोपा आहे. रविवारच्या फेजोआदमध्ये दाणे दुप्पट घाला, चौरीस निम्मे. चव राहील, आणि प्रकृतीही.