पाऱ्याचा बंदोबस्त

वैशाखात वर्ध्याचे तापमान 45 अंशांच्या आसपास पोहोचले की गावातील घरोघरच्या खिडक्यांत कूलर घरघरू लागतात. अशाच एका दुपारी आमच्या रामनगरातील एका घरात, तापलेल्या मुलाच्या काखेत लावण्यापूर्वी झटकताना काचेचा थर्मामीटर हातातून निसटून शहाबादी फरशीवर फुटला, आणि शेजारच्या एका वृद्ध, सेवानिवृत्त परिचारिकाबाईंनी त्यानंतर जे केले, ते मला दाराशी उभे राहून आरंभापासून पाहता आले.

"सूनबाई, आधी कूलर बंद कर, अन् पोराला घेऊन अंगणात जा," हा त्यांचा पहिला हुकूम. त्या उन्हात तो पाळणे सोपे नव्हते. परंतु वीस अंशांच्या मानाने चाळीस अंशांवर पाऱ्याचा बाष्पदाब सुमारे पाचपट होतो, आणि कूलरचा झोत ते अदृश्य, गंधहीन बाष्प घरभर पसरवतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या हुकमाचे मोल कळते. धातुरूप पारा पोटात गेला तर बहुतांशी तसाच बाहेर पडतो. श्वासावाटे गेलेल्या बाष्पाचा मात्र सुमारे 80 टक्के भाग शरीरात शोषला जातो आणि मज्जासंस्थेला व मूत्रपिंडांना अपाय करतो. म्हणून बाईंनी आतल्या खोल्यांची दारे लावली, बाहेरच्या खिडक्या सताड उघडल्या, आणि हातातील सोन्याच्या बांगड्या उतरवून ठेवल्या, कारण सोन्याला पारा चिकटला की ते त्याच्याशी एकजीव होऊन पांढरे पडते.

रबरी हातमोजे चढवून त्यांनी प्रथम काचेचे तुकडे उचलून जाड कागदात गुंडाळले. मग विजेरी जमिनीशी आडवी धरली. त्या तिरप्या प्रकाशात, एरवी डोळ्यांना न दिसणारे खसखशीएवढे थेंब कपाटाच्या पायाशी आणि फरशीच्या सांध्यांत चकाकू लागले. पोस्टकार्डाच्या कडेने ते थेंब अगदी सावकाश एकमेकांकडे ढकलत त्यांनी त्यांचा एक मोठा थेंब केला, तो औषधाच्या ड्रॉपरने उचलून तळाशी थोडे पाणी असलेल्या काचेच्या बरणीत सोडला, आणि सांध्यांतील सूक्ष्म कण चिकटपट्टीने टिपले. अशा एका थर्मामीटरात पारा असतो जेमतेम एक ग्रॅम. पण तेवढ्यासाठी त्या घामाने निथळत कितीतरी वेळ गुडघ्यांवर बसल्या होत्या. केरसुणीला त्यांनी स्पर्शही होऊ दिला नाही, कारण तिने थेंबांचे शतशः तुकडे होतात आणि केरसुणीही कायमची दूषित होते. जमीन धुऊन ते पाणी मोरीत सोडण्यासही मनाई केली. मोरीचे पाणी नाल्यावाटे अखेर नदीलाच मिळते, आणि तेथील गाळात जीवाणूंच्या क्रियेने पाऱ्याचे अधिक विषारी सेंद्रिय रूप होऊन ते माशांत साठते.

घरातील आजोबांनी गंधकाची पूड टाकण्याची सूचना केली. रसशास्त्रात पारद आणि गंधक खलात एकत्र घोटून काळी कज्जली करतात, हे त्यांच्या स्मरणात होते. परंतु खलातले ते दीर्घ मर्दन फरशीवर कोठून व्हावे? नुसती भुरभुरलेली पूड थेंबाच्या पृष्ठभागाशीच तेवढी संयोग पावते; सांध्यांत उरल्यासुरल्या कणांसाठी ती उपयोगी खरी, पण पारा वेचण्याच्या ऐवजी मुळीच नव्हे. बाईंनी ती शेवटी, सांध्यांपुरतीच वापरली.

हातमोजे, चिकटपट्टी, ड्रॉपर, काच हे सारे एका पिशवीत आणि ती दुसऱ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधले गेले. घट्ट झाकणाच्या बरणीवर "पारा, उघडू नये" अशी चिठ्ठी लागली. हे सारे द्यायचे कोठे, हा पुढचा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांत फुटके पारायुक्त थर्मामीटर, ट्यूबलाइट आणि सीएफएल यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात स्पष्टपणे केलेली होती, आणि असा कचरा जमा करून घेण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरांस किंवा त्याच्या भागास एक केंद्र उघडण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकलेली होती. तरीही जळलेल्या ट्यूबलाइट, ज्यांतील प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो, उकिरड्यावर सर्रास फोडल्या जाताना मी पाहतो, आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारा प्रकल्प तर शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, बुटीबोरीला आहे. तेव्हा ती बरणी घंटागाडीत टाकू न देता सावलीतल्या कुलूपबंद फडताळात ठेवून आम्ही शेजाऱ्यांनी नगरपरिषदेकडे अर्ज केला आहे: असा कचरा कोठे, कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी स्वीकारला जाईल, आणि पुढे तो बुटीबोरीपर्यंत पोहोचविण्याची तजवीज काय, हे प्रत्येक वॉर्डात फलक लावून जाहीर करावे.